सोलापुरात गेमिंग पीसी जुळवताना: पार्ट कसे निवडायचे

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतला एक मुलगा दुकानातून आणलेली चिठ्ठी घेऊन घरी आला. "काका, एवढ्यात बरं बसतंय का बघा की." चिठ्ठीवर चार ओळी होत्या: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस. खाली रक्कम. आय-सेव्हन कितव्या पिढीचा, कार्डाचं मॉडेल कोणतं, एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) कुणाचा, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी त्याला दुकानात फोन लावून फक्त "जनरेशन कितवी?" एवढंच विचारायला सांगितलं. उत्तर आलं, तिसरी. म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर. वडिलांनी बाजूला ठेवलेला बोनस तेरा वर्षं जुन्या मालात जाणार होता.

ती चिठ्ठी आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिली. ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने इथे सांगतो.

स्क्रीन आणि गेम आधी

सुरुवात प्रोसेसरपासून करू नका. मॉनिटर कोणता घेणार आणि त्यावर काय खेळणार, हे आधी कागदावर लिहा. १०८०पी स्क्रीनवर एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, १४४०पीवर ३६ लाख ८६ हजार आणि फोर-केवर ८२ लाख ९४ हजार. ग्राफिक कार्डाला दर फ्रेमला, म्हणजे दर नव्या चित्राला, हे सगळे ठिपके रंगवायचे असतात. त्यामुळे फोर-के टीव्हीला जोडून खेळायचं म्हटलं तर १०८०पीच्या चौपट काम अंगावर येतं. पहिला पीसी असेल तर २४ इंची, १०८०पी, आयपीएस (कडेनेही रंग नीट दिसणारा), १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याहून जास्त, एवढं पुरे. बजेट थोडं सैल असेल तर २७ इंची १४४०पी घ्या.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याची गरज वेगळी असते. या गेमना भारी कार्ड लागत नाही. त्यांना दर सेकंदाला भरपूर फ्रेम लागतात आणि तिथे प्रोसेसरचा कस लागतो. ६० हर्ट्झला नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ हर्ट्झला सातपेक्षाही कमी. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायचं असेल तर मात्र सगळा भार कार्डावर येतो. तुम्ही दोन्ही खेळणार असाल तर कार्डाच्या बाजूने झुकतं माप द्या.

ग्राफिक कार्ड

मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटातला ३५ ते ४० टक्के वाटा या एका पार्टला द्या. कॅबिनेटच्या दिव्यांसाठी यातला रुपया काढू नका.

"४ जीबी ग्राफिक" हे वर्णन ऐकलं की सावध व्हा. कार्डावर मेमरी किती हे त्याच्या ताकदीचं माप नाही. २०१४ साली आलेलं जीटी ७३० हे कार्डसुद्धा ४ जीबीत मिळतं आणि आजचे मोठे गेम त्यावर नीट चालत नाहीत. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून घ्या: आरटीएक्स ५०६० आठ जीबी, आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी, असं. एकाच नावाचं कार्ड दोन वेगळ्या मेमरीत येतं, तेव्हा आकडा सुटता कामा नये.

१०८०पीसाठी आरटीएक्स ५०६० किंवा आधीचं ४०६० चालतं. त्यांची वीज अनुक्रमे १४५ आणि ११५ वॉट, म्हणजे खोली फार तापवत नाहीत. खूपच ओढाताण असेल तर आरएक्स ६६००. पण पुढची चार-पाच वर्षं पीसी बदलायचा नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: आठ जीबीवर थांबू नका. नवे गेम टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) वाढवलं की आठ जीबी भरून टाकतात आणि मग सरासरी फ्रेम चांगले दिसले तरी मधेमधे गचके बसतात. आरएक्स ९०६० एक्सटीचं सोळा जीबीवालं किंवा आरटीएक्स ५०६० टीआयचं सोळा जीबीवालं बघा. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबीत येतं, पण ते जुन्या प्रोसेसरवर लावू नका, तिथे त्याची चाल मंदावते.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम

हे तिन्ही एकत्रच ठरतात, कारण प्रोसेसरचा सॉकेट (बसायची जागा) बोर्डाशी, म्हणजे मदरबोर्डाशी, जुळावा लागतो आणि बोर्ड रॅमचा प्रकार ठरवतो. गेमिंगसाठी सहा कोर (प्रोसेसरातले काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) हा आजचा पाया समजा. कमी बजेटात रायझन ५६०० (एएम४ सॉकेट, डीडीआर४ रॅम) किंवा आय-फाइव्ह १२४००एफ. थोडं वर जाता आलं तर रायझन ७६०० (एएम५, डीडीआर५). एएम५ला पुढे २०२७पर्यंत आणि त्यानंतरही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीने सांगितलं आहे. त्यामुळे तीन वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येण्याची सोय राहते. एएम४ आता शेवटच्या टप्प्यावर आहे, म्हणून तो स्वस्त पडतो.

७६०० सुचवण्याचं माझं आणखी एक कारण आहे. त्याच्या आत साधं का होईना, डिस्प्ले देणारं ग्राफिक आहे. ५६०० आणि नावात 'एफ' असलेल्या इंटेलमध्ये ते नाही. कार्ड बिघडून वॉरंटीला बाहेरगावी गेलं तर आठ-पंधरा दिवस, कधी महिना जातो. तेवढ्या काळात कॉलेजचं काम, फॉर्म भरणं, सगळं अडतं. ७६००वर बोर्डाला केबल लावून पीसी चालू राहतो.

बोर्डात बी५५०, बी६५०, बी७६० ही मधली फळी घ्या. अगदी तळातला बोर्ड घेतला तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, धड हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तोच भाग आधी तापतो. रॅमचे चार स्लॉट आणि निदान एक एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का ते बघा. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर "बायोस अपडेट केलाय का?" हे विचाराच. बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर; ते जुनं असलं तर नवा प्रोसेसर ओळखत नाही. नाहीतर सगळं जुळवून झाल्यावर स्क्रीन काळीच राहते आणि आपल्याला वाटतं प्रोसेसर खराब निघाला.

रॅम १६ जीबी घेताना ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. एकच १६ची पट्टी लावली तर प्रोसेसरला रॅमशी बोलायला एकच रस्ता उरतो आणि फ्रेम पडतात. डीडीआर५ घेत असाल तर ६००० स्पीड रायझनला मानवते. मात्र ती आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (इंटेलवर एक्सएमपी) चालू करावं लागतं. कित्येक जण वर्षानुवर्षं कमी स्पीडवर रॅम चालवत बसलेले मी पाहिलेत. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले, तेव्हा ३२ जीबीचा हट्ट आज सोडला तरी चालेल.

एसएसडी

एनव्हीएमई (वेगवान प्रकार), एम.२, १ टीबी. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी जागा मागतो, म्हणून ५०० जीबीत दोन-तीन गेममध्येच खेळ आटोपतो. जेन३ आणि जेन४ (वेगाच्या दोन पिढ्या) यांतला फरक खेळताना फारसा कळत नाही. जो स्वस्त आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा मिळेल तो घ्या.

एसएमपीएस आणि घरची लाईट

इथे थोडं थांबून वाचा. सोलापुरात पीसी जुळवणाऱ्याने सगळ्यात जास्त विचार या पार्टवर करायला हवा, आणि सगळ्यात कमी इथेच होतो.

माझ्या पहिल्या पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. वर "५०० वॉट" छापलेलं. मे महिन्यातली दुपार, लाईट गेली, आली, मिनिटाभरात परत गेली आणि आली. चौथ्या वेळी पाठीमागून टप्प असा आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस गेलाच, जाताना बोर्डही घेऊन गेला. कव्हर उघडून हातात घेतला तर एवढ्या वॉटच्या मानाने तो आश्चर्य वाटावं इतका हलका होता. आत कॉइल आणि कॅपॅसिटरच्या जागा रिकाम्या होत्या, नुसती भोकं होती.

म्हणून हे बघा. पहिलं, एटी प्लस ब्रॉन्झ किंवा त्यावरचं प्रमाणपत्र असावं. ब्रॉन्झ म्हणजे अर्ध्या भारावर निदान ८५ टक्के वीज कामी येते, उरलेल्याची उष्णता होते. पण हे प्रमाणपत्र फक्त विजेच्या बचतीबद्दल बोलतं, टिकाऊपणाबद्दल नाही. म्हणून दुसरं, वॉरंटीची वर्षं बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा मला तीनवाल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही: खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर लिहिलेले वॉट कोणत्या तापमानाला दिलेले आहेत? चांगल्यांवर ४० किंवा ५० अंश लिहिलेलं असतं. २५ अंशांवर मोजलेले ५०० वॉट आपल्या उन्हाळ्यात ५०० राहत नाहीत. ५० अंशांवालाच घ्या.

वॉटचा हिशेब सोपा आहे. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि १४५ वॉटचं कार्ड असलेला पीसी खेळताना साधारण २०० ते ३०० वॉट ओढतो. ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. पुढे कार्ड वाढवायचं मनात असेल तर ६५०. साडेआठशेची गरज नाही. केबलच्या बाबतीत एकच इशारा: मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोक बसलं तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि पार्ट जळतात.

आता भिंतीतला बोर्ड. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या तर समजा, अर्थिंग नाही. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून मागे अर्थिंगची तार जोडलेली असेलच असं नाही, जुन्या वाड्यांत आणि चाळींत तर हमखास नसते. पार्ट मागवण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावून मीटरने तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. या कामाचे पैसे बजेटातच धरा.

यूपीएसबद्दल सगळे विचारतात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना मॉनिटरसकट तो काठावर येतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. त्याचं काम खेळ चालू ठेवणं नाही. सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की झालं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साईन वेव्ह आहे ना ते बघा आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, म्हणजे लाईट जाताना पीसी रिस्टार्ट होणार नाही. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी लावू नका.

आणि लाईट सारखी ये-जा करत असेल तर पीसी लगेच चालू करण्याचा मोह आवरा. ती पाच-दहा मिनिटं स्थिर राहिली की मगच बटण दाबा.

कॅबिनेट, ऊन आणि सूत

दोन वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एका ओळखीच्या घरचा पीसी उघडला होता. खाली यंत्रमाग, वर राहायचं घर. तक्रार अशी की गेम वीस मिनिटं चालतो आणि मग चित्र अडखळतं. पंखा काढला तर त्याखाली, हीटसिंकच्या पात्यांवर, करड्या रंगाची एक गादी बसली होती. टॉवेलच्या सुताची लव आणि धूळ यांची एकजीव झालेली. चिमट्याने एका कडेला धरून उचलली तर अखंड निघाली, जाड कापडाच्या तुकड्यासारखी, पंख्याच्या चौकोनी आकाराची. हवा जायला वाट नव्हती. ती काढली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली आणि तोच प्रोसेसर २० अंशांनी थंड झाला. एकही नवा पार्ट लागला नाही.

कॅबिनेट निवडताना हे डोळ्यांसमोर ठेवा. पुढची बाजू जाळीची हवी. काचेची सपाट पुढची बाजू दुकानात सुंदर दिसते, पण हवा आत घेत नाही. जाळीमागे आणि एसएमपीएसखाली, काढून धुता येतील अशा फिल्टर हव्यात. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडते. कारखान्याजवळ राहत असाल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून झटका, इतरांना महिन्याने चालेल. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

उन्हाळ्याचा हिशेब असा: कुठलाही कूलर पार्टला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पुण्यातल्या एखाद्या व्हिडिओत २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० दाखवतो, तो आपल्या ४० अंशांच्या खोलीत ८५च्या आसपास जाणार. रायझन ५६००ची मर्यादा ९० अंश, ७६००ची ९५. म्हणजे सोबत आलेला छोटा कूलर जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, छान चालेल आणि एप्रिलमध्ये कोकलायला लागेल. एक साधा टॉवर एअर कूलर घ्या. वॉटर कूलरची गरज या प्रोसेसरांना नाही. त्यात पंप हा आणखी एक बिघडणारा भाग येतो.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. आपल्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार बोर्डावर वाळले की पांढरे डाग राहतात. पीसी झोताच्या आडव्या बाजूला ठेवा. आणि तो टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा पत्र्याच्या छताखालच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

खरेदी

आधी इथल्या दोन-तीन दुकानांत भाव विचारा, मग ऑनलाइन बघा. हैदराबाद आपल्याला जवळ असल्याने काही जण सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून माल आणतात, तर काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. पण जाण्याआधी मनाला विचारा: पार्ट बिघडला तर पुन्हा तिथे कोण नेणार? हजार-बाराशेच्या फरकासाठी मी बोर्ड आणि एसएमपीएस गावाबाहेरून घेत नाही. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, तो कुठूनही घ्या, फक्त सीलबंद खोक्यातला. 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीची वॉरंटी नसते, दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. कार्ड दोन वर्षांनी गेलं की ते १८ टक्के सव्याज जातात.

वापरलेलं कार्ड घ्यायला हरकत नाही, पण चालू स्थितीत समोर बघून घ्या. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. बायोस बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असलं तर ते सांगतं. मग निदान वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा टेस्ट चालवा. पंख्याचा आवाज ऐका, चित्रात ठिपके-पट्टे येतात का ते बघा. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र वापरलेली घेऊ नका.

जुना 'आय-सेव्हन सेट' न घेण्याचं आणखी एक ठोस कारण आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (बोर्डावरची किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) तपासतो. तिसऱ्या पिढीचा सेट या दारातच अडतो.

जोडणी आणि पहिली चाचणी

जोडताना सतरंजीवर किंवा चादरीवर बसू नका. आपली हवा कोरडी, अंगात स्थिर वीज लगेच साठते. लाकडी टेबलावर बोर्डाचं रिकामं खोकं ठेवा, त्यावर बोर्ड. दर वेळी पार्ट उचलण्याआधी उघड्या धातूला हात लावा. प्रोसेसर, रॅम, एसएसडी बोर्डावर बाहेरच बसवून घ्या. कूलरच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. सगळं बसल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावा, बोर्डाला नाही. विंडोज बसल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६०चे १४४ हर्ट्झ करा. हे आपोआप होईलच असं नाही.

मग चाचणी, आणि ती रात्री नको. भर दुपारी, कूलर-एसी बंद ठेवून, तुमचा सगळ्यात जड गेम तासभर चालवा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि कार्डाच्या तापमानाचे आकडे बघत राहा. दोन्ही ८५च्या खाली असतील तर निश्चिंत. वर जात असतील तर कॅबिनेटची बाजू उघडून पुन्हा खेळा. आकडे एकदम उतरले तर दोष हवेच्या वाटेत आहे. उतरले नाहीत तर कूलर नीट बसलेला नाही. हे पहिल्या सात दिवसांत करा, कारण बदलून द्यायची दुकानाची आणि ऑनलाइनची मुदत बहुधा तेवढीच असते.

त्या मुलाने ही चाचणी डिसेंबरातल्या एका दुपारी केली आणि मला फोटो पाठवला: प्रोसेसर ६८, कार्ड ७१. मी त्याला लिहिलं, हाच फोटो मे महिन्यात परत पाठव, आणि खोकी माळ्यावर ठेव, टाकू नकोस. वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर तीच लागतील.